छंदाच्या लाकूडकामासाठी १० इंची बजेट ड्रिल प्रेस, दोन वर्षं वापरून झाल्यावर

दोन वर्षं झाली ही मशीन घेऊन. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि सहाव्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या तक्रारी, त्यामुळे थांबलो ते बरंच झालं. माझं वर्कशॉप म्हणजे एक लहान खोली, एक बेंच आणि भिंतीवर टांगलेली हत्यारं, आणि काम सगळं छंदाचं, स्टूल, छोटी कपाटं, बॉक्स, मुलांची खेळणी वगैरे. मशीन आहे १० इंची, ५ स्पीडची, अर्ध्या एचपीच्या इंडक्शन मोटरवाली बेंचटॉप ड्रिल प्रेस, म्हणजे बेंचवर ठेवून सरळ उभं भोक पाडायची मशीन. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण जवळजवळ हेच कास्टिंग (ओतीव सांगाडा) वेगवेगळा रंग आणि वेगवेगळे स्टिकर लावून बऱ्याच नावांनी विकलं जातं, आणि एकाच नावाच्या दोन मशीनमध्येसुद्धा फरक निघतो (तो अनुभव पुढे सांगतोच). तेव्हा नाव पाठ करण्यापेक्षा समोर आलेला पीस कसा तपासायचा हे कळलेलं जास्त कामाचं.

आधी हँड ड्रिलवरच सगळं चालू होतं. स्क्रूची भोकं पाडायला त्यात काहीच अडचण नाही, पण डॉवेल (गोल लाकडी खुंटी) लावून जोड करायला गेलो की दोन भोकांपैकी एक थोडं तिरकं जायचंच आणि मग जोड बसवताना एका बाजूला फट. एक डिग्री म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, पण ७५ एमएम खोल भोक असेल तर एका डिग्रीने बिटचं टोक जवळजवळ १.३ एमएम सरकलेलं असतं आणि स्टूलच्या पायात १.३ एमएम लगेच दिसतं. मग मी हँड ड्रिलसाठी जो स्टँड मिळतो तो आणला, ज्यात ड्रिलची ४३ एमएमची कॉलर पकडतात. लहान बिटला ठीक चालला, पण हँडल खाली ओढलं की अख्खा स्टँडच पुढे झुकायचा, म्हणजे ज्या काटकोनासाठी तो घेतला तोच हातात राहत नव्हता. ज्यांच्याकडे जागा अजिबातच नाही त्यांनी स्टँडचा विचार करावा, बाकीच्यांना मी तरी सांगणार नाही.

खरी गरज पडली ती फोर्स्टनर बिटमुळे. कपाटाच्या दाराला ज्या लपलेल्या कप बिजागऱ्या येतात त्यांना ३५ एमएमचं, साधारण १२-१३ एमएम खोल, तळाला सपाट असं भोक लागतं. हा बिट बेंजामिन फोर्स्टनर नावाच्या बंदूक बनवणाऱ्या अमेरिकन कारागिराचा, १८७४ चं पेटंट आहे त्याचं, आणि त्याची खुबी अशी की तो मधल्या टोकावर कमी आणि बाहेरच्या कडेवर जास्त चालतो, त्यामुळे तळ स्वच्छ येतो आणि फळीच्या अगदी काठावर अर्धं भोकसुद्धा पाडता येतं. पण हाच गुण हँड ड्रिलवर अडचण होतो, कारण बिट जरा तिरका झाला की एक कड आधी रुतते आणि मनगटाला जोरात हिसका बसतो. १८ एमएमच्या प्लायमध्ये खाली पाचेक एमएमच शिल्लक असतं, तिथे खोलीचा अंदाज डोळ्याने घेणं म्हणजे दार फुकट घालवायची तयारी ठेवणं. एक दार घालवलं आणि मग मात्र ठरवलं की आता ड्रिल प्रेसच.

आता मुद्द्याचं. मी जे सगळ्यात आधी बघायला हवं होतं आणि बघितलं नाही ते म्हणजे क्विल. क्विल म्हणजे हँडल फिरवल्यावर चकसकट (चक म्हणजे बिट पकडणारा भाग) जी नळी खाली येते ती. स्वस्तातल्या मशीनमध्ये बाकी जवळपास सगळं घरी सुधारता येतं, टेबल काटकोनात आणता येतं, बेल्ट बदलता येतो, चक बदलता येतो, पुली सरळ करता येते, पण क्विल जर त्या कास्टिंगच्या भोकात सैल बसलेली असेल तर घरी फारसं काही करता येत नाही. माझा पहिला पीस असाच आला. क्विल पूर्ण खाली ओढली, चक हातात धरून पुढे-मागे हलवला तर डोळ्यांना दिसेल एवढी डगडग. मी आधी मनाची समजूत घातली की स्वस्त मशीन आहे, एवढं चालायचंच, आणि दोन आठवडे तसंच काम केलं. ब्रॅड पॉइंट (मध्ये अणकुचीदार टोक असलेल्या) बिटचं टोक खुणेवर ठेवायचं आणि मशीनने आपलं ते बाजूला सरकून बसायचं, प्रत्येक वेळी. शेवटी विकणाऱ्याशी बऱ्यापैकी वाद घालून बदलून घेतली, आणि दुसरा पीस, त्याच नावाचा, तशाच खोक्यातला, एकदम घट्ट निघाला. म्हणून सांगतो, शक्य असेल तर मशीन प्रत्यक्ष बघून घ्या, क्विल पूर्ण खाली आणा, लॉक असेल तर उघडा ठेवा आणि चक चारही बाजूंनी हलवून बघा. अगदी थोडी हालचाल सगळ्याच बजेट मशीनना असते, पण टक् टक् जाणवली तर ती मशीन सोडून पुढची बघा. ऑनलाइन मागवत असाल तर परत करायची मुदत किती दिवस आहे ते आधी वाचा आणि खोकं उघडल्या दिवशीच हे करून टाका, माझ्यासारखे दोन आठवडे घालवू नका.

त्यानंतर रनआउट, म्हणजे चक फिरताना बिट सरळ रेषेत न फिरता किती डोलतो ते. डायल इंडिकेटर (असा बारीक फरक काट्यावर दाखवणारं मापक) असेल तर चांगलंच, नसेल तरी अंदाज घेता येतो. चकमध्ये ८ किंवा १० एमएमच्या नव्या बिटची गुळगुळीत दांडी उलटी पकडून, नाहीतर एखादा सरळ पॉलिश केलेला स्टीलचा रॉड पकडून, टेबलावर एक ठोकळा क्लॅम्प करायचा, त्यात एक स्क्रू बसवायचा आणि स्क्रूचं टोक रॉडच्या अगदी जवळ आणायचं, मग बेल्ट हाताने फिरवून (प्लग काढून, अर्थात) फट कुठे वाढते कुठे कमी होते ते बघायचं. साधा प्रिंटरचा कागद साधारण ०.१ एमएमचा असतो, त्यामुळे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान फटीत एका कागदापेक्षा जास्त फरक नसेल तर लाकडाला भरपूर झालं. ०.०५ मिळालं तर या वर्गात उत्तमच म्हणायचं. दोन-तीन कागदांचा फरक असेल तर भोक मोठं होतं, डॉवेल सैल बसतो आणि बारीक बिट तुटतात.

पण रनआउट जास्त दिसला म्हणून लगेच हिरमुसू नका, कारण बऱ्याच वेळा दोष स्पिंडलचा (चक फिरवणाऱ्या दांड्याचा) नसतो, चक नीट बसलेला नसतो. चक बहुतेक टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर बसतो, लहान मशीनवर बी१६ किंवा जेटी३३ आणि मोठ्या मशीनच्या स्पिंडलला एमटी२ (ही टेपरच्या मापांची नावं). हा टेपर नुसत्या घर्षणावर धरतो, त्यामुळे त्यावर कारखान्यातलं ग्रीस राहिलं असेल किंवा एक बारीकसा कणसुद्धा मध्ये आला असेल तर चक वाकडाही बसतो आणि काम करताना अचानक खालीही पडतो. दोन्ही टेपर स्पिरिटने स्वच्छ पुसायचे, कोरडे करायचे, चकचे जबडे पूर्ण आत घ्यायचे आणि खालून लाकडाचा ठोकळा लावून हातोडीचा एकच नेटका ठोका द्यायचा. एवढ्यानेच माझा रनआउट जवळपास अर्धा झाला. मग चक काढून टेपरवर अर्धा फेरा फिरवून परत बसवला तर आणखी थोडा कमी झाला. चक काढल्यावर स्पिंडलचा टेपरच डोलताना दिसत असेल तर मात्र नवीन चक आणून काही उपयोग नाही, पैसे वाया जातील.

साइजबद्दल खूप जणांचा गोंधळ होतो. १० इंची म्हणजे मशीनची उंची नाही आणि भोकाची खोलीही नाही. कॉलमपासून (मागच्या उभ्या खांबापासून) चकच्या मध्यापर्यंतचं अंतर असतं ५ इंच, त्याची दुप्पट म्हणजे १० इंच, अर्थात १० इंच रुंद फळीच्या बरोबर मध्ये भोक पाडता येतं. ८ इंचीत ते अंतर चारच इंच. छोट्या बॉक्सेसना पुरतं, पण कपाटाच्या बाजूच्या फळीला नाही. १३ एमएम जे लिहिलेलं असतं ती चकची पकड, म्हणजे एवढ्या जाडीची दांडी त्यात मावते, भोक त्याहून मोठं पाडता येतं कारण फोर्स्टनरची दांडी सहसा ८ किंवा १० एमएमचीच असते.

आणि क्विल एका वेळी किती खाली येते तो आकडा जाहिरातीत कुठेतरी खाली बारीक अक्षरात सापडतो. लहान मशीनमध्ये ५० एमएम, माझ्या मशीनला साधारण ६०, जरा मोठ्या मशीनमध्ये ८० एमएमपर्यंत. स्टूलच्या बैठकीला ५० पुरतात, पण ७५ एमएमचा ठोकळा आरपार पाडायचा असेल तर मला मध्ये मशीन बंद करून, बिट भोकातच ठेवून, टेबल वर घ्यावं लागतं. होतं सगळं, पण दहा ठोकळे असतील तर हात भरून येतात. पैसे थोडे जास्त घालता येत असतील तर ते मोटरच्या वॅट्ससाठी न घालता क्विलच्या या जादा दोन सेंटिमीटरसाठी घाला असं माझं स्पष्ट मत आहे.

स्पीडचं जरा सविस्तर लिहितो, कारण माझी खरी तक्रार इथेच आहे. विकणारे नेहमी वरचा स्पीड सांगतात, ३००० आरपीएम वगैरे. लाकूडवाल्याने बघायचा तो खालचा. बिटच्या कडेचा वेग बघा, १० एमएमचा बिट ३००० आरपीएमने फिरतो तेव्हा त्याची कड मिनिटाला साधारण ९४ मीटर धावते, आणि ५० एमएमचा फोर्स्टनर फक्त ६०० ने फिरला तरी त्याची कड तेवढीच, ९४ मीटर धावते. म्हणजे माझ्या मशीनचा सगळ्यात हळू स्पीड, जो ६०० च्या आसपास आहे, तो ५० एमएमच्या फोर्स्टनरसाठी हळू नाहीच मुळी. मऊ लाकडात कसंबसं निभावतं, कठीण लाकडात कड काळी पडते, धूर येतो, बिटचं पाणी उतरतं आणि मग तो बिट मऊ लाकूडसुद्धा नीट कापत नाही. एवढ्या मोठ्या बिटला कठीण लाकडात २५०-३०० हवा. ३५ एमएमच्या बिजागरीच्या भोकाला मात्र ६०० छान चालतो, प्लायमध्ये तर काहीच प्रश्न नाही.

हा खालचा स्पीड स्वस्त मशीनमध्ये का मिळत नाही त्याचंही कारण साधं आहे. साधी इंडक्शन मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीप्रमाणे १४०० ते १७५० च्या आसपास फिरते, आणि ५ स्पीडच्या मशीनमध्ये दोनच पुली असतात, एक मोटरवर एक स्पिंडलवर. लहान पुलीवरून मोठ्या पुलीवर बेल्ट टाकून जेवढा स्पीड कमी होईल तेवढाच, आणि डोक्यावरच्या झाकणात पुली किती मोठी मावणार? १२ स्पीडच्या मशीनमध्ये मध्ये तिसरी पुली आणि दुसरा बेल्ट असतो, स्पीड दोन टप्प्यांत उतरतो, त्यामुळे अशा बऱ्याच मशीन ३०० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली जातात. आणि बेल्टने स्पीड उतरला की जोर वाढतो हा आणखी फायदा. नुसत्या बटणाने स्पीड कमी-जास्त होणाऱ्या काही स्वस्त मशीनमध्ये खालच्या स्पीडला जोरही जातो, म्हणून घेण्याआधी खालच्या स्पीडवर मोठा बिट कठीण लाकडात चालवून बघा, मोकळी फिरताना सगळ्याच छान वाटतात. आता परत घ्यायची वेळ आली तर मी १२ स्पीडचीच घेईन, बेल्ट बदलायला दोन मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

मोटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. अर्धा एचपी म्हणजे ३७० वॅटच्या आसपास आउटपुट, छंदाच्या कामाला पुरतं. प्लेटवर मात्र नजर टाका, तिथे एस२ आणि पुढे १५ मिनिटं असं काही लिहिलेलं असेल तर ती मोटर तेवढाच वेळ सलग चालवून मग थंड होऊ द्यायची असते. भोकं पाडताना आपण सलग चालवतच नाही त्यामुळे चालतं.

टेबल. या मशीनचं टेबल धातूकामासाठी बनवलेलं आहे, लहान, मध्ये भोक, खाली क्लॅम्प लावायला जाल तर आडव्या पट्ट्या आडव्या येतात. टेबल काटकोनात आहे का ते बघायला गुण्या लावून अंदाज येतो पण मला एल आकारात वाकवलेली जाड तार जास्त भरवशाची वाटते, एक टोक चकमध्ये, दुसरं टोक टेबलाला जेमतेम टेकेल असं, आणि हाताने गोल फिरवायचं, चारही बाजूंना सारखं टेकलं की झालं. डावी-उजवी बाजू बोल्ट ढिला करून जुळते. पुढे-मागे फरक असेल तर त्याला ॲडजस्टमेंटच नसते, माझं टेबल पुढे किंचित झुकलेलं होतं. वर लाकडी टेबल बसवताना पुढच्या बाजूला खाली पत्र्याची पातळ पट्टी घातली, प्रश्न मिटला. अजून एक, हँडल जोरात ओढलं की टेबल थोडं लवतंच, हे कुठल्याही हलक्या मशीनमध्ये होणार, त्यावर उपाय एकच, बिट धारदार ठेवा म्हणजे जोर लावावाच लागत नाही.

लाकडी टेबल मात्र सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात करून घ्या. १८ एमएमच्या प्लायच्या किंवा एमडीएफच्या दोन थरांचं, साधारण दोन फूट रुंद, मागे सरकणारी फेन्स (फळी टेकवायची सरळ पट्टी), आणि बिटच्या खाली बदलता येणारा चौकोनी तुकडा. हा तुकडा भोकांनी चाळण झाला की बदलायचा, कारण फळीच्या खाली घट्ट आधार असला तरच भोकाची खालची कड फाटत नाही. फेन्सवर एक स्टॉपचा ठोकळा लावला की वीस फळ्यांना एकाच जागी भोक पडतं, मोजायचंही नाही खूणही करायची नाही, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या मशीनने पैसे वसूल केले.

मशीन घेताना डेप्थ स्टॉप, म्हणजे ठरलेल्या खोलीवर क्विल थांबवणारा अडसर, जरूर बघा. आट्याची दांडी आणि तिच्यावर दोन नट, हा प्रकार सगळ्यात चांगला, एकावर एक आवळले की हलत नाही. हँडलच्या मुळाशी फिरणारी रिंग आणि एक छोटा स्क्रू असतो तो प्रकार मी मित्राच्या मशीनवर वापरलाय, पाच-सहा भोकांनंतर रिंग सरकते आणि कळतही नाही. लेझर बऱ्याच मशीनला असतो, माझ्याही आहे, दोन महिन्यांनी बंद करून ठेवला. ब्रॅड पॉइंटचं टोक खुणेवर टेकवून बघणं त्याहून अचूक आहे.

व्हायब्रेशन सुरुवातीला होतं. पाण्याचा ग्लास ठेवला तर पाणी थरथरायचं. दोन्ही पुलींना सरळ पट्टी लावून बघितली तर मोटरची पुली ३-४ एमएम वर होती, ती खाली घेतली, पुलीचा छोटा स्क्रू आवळला, बेस बेंचला बोल्टने बसवला. खोक्यात घडी घालून आलेल्या बेल्टला वळ पडलेला असतो, तो काही तास चालल्यावर थोडा बसतो, नाही बसला तर बेल्ट बदला.

काही कामं या मशीनकडून करून घेऊ नका. सँडिंग ड्रम लावून कडा घासणारे बरेच दिसतात, थोडंफार चालतं, पण त्यात बाजूने दाब येतो आणि टेपर बाजूच्या दाबासाठी नाहीच, चक ड्रमसकट निसटून खाली येऊ शकतो. राउटरचे (लाकडाच्या कडा आणि खाचा कोरायच्या मशीनचे) बिट तर अजिबात नको, त्यांना लागतो तेवढा स्पीड इथे मिळतच नाही आणि दाब पुन्हा बाजूचाच. चौकोनी भोकासाठी मॉर्टिसिंग अटॅचमेंट मिळतं, मी मागून आणून एकदा लावलं, एवढा जोर द्यावा लागतो की टेबलही लवतं आणि कॉलमही. त्यापेक्षा ओळीने गोल भोकं पाडून बाकीचं पटाशीने साफ केलेलं लवकर होतं.

सुरक्षेचं वाचायचा कंटाळा येतो पण हे वाचाच. हातमोजे घालून ड्रिल प्रेस चालवायची नाही, कारण मोज्याचा एक धागा बिटने पकडला की हात सोबत जातो. लांब बाही नको, केस बांधलेले, गळ्यात काही लोंबतं नको, डोळ्यांवर गॉगल. चकची किल्ली चकमध्ये ठेवून मशीन सुरू करायची नाही, वापरली की हातातून थेट खुंटीवर. फळी लहान असेल तर क्लॅम्प, नेहमी. लांब असेल तर तिचं लांब टोक कॉलमच्या डाव्या बाजूला टेकवून ठेवायचं, बिट वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, त्यामुळे बिट अडकून फळी फिरली तरी ती कॉलमवर अडते, पोटावर येत नाही. मी एकदा २५ एमएमचा बिट वापरताना तळहाताएवढा तुकडा हाताने धरला होता, तुकडा सुटून समोरच्या भिंतीवर आदळला. हात शाबूत राहिला म्हणून हे लिहू शकतोय. त्यानंतर क्लॅम्पशिवाय एकही भोक नाही.

खोल भोक पाडताना दर सेंटिमीटरला बिट वर घेऊन भुसा बाहेर येऊ द्या, आत भुसा दाबला गेला की बिट तापतो आणि बाहेर काढताना अडकतो.

जमिनीवर उभी राहणारी घ्यावी का असं विचारतात. ज्या मशीन दोन्ही रूपांत येतात त्यांत डोकं बहुतेक वेळा तेच असतं, फक्त कॉलम लांब, त्यामुळे उंच वस्तूच्या टोकाला भोक पाडायचं नसेल तर बेंचटॉप पुरते. जागा असेल तर जुनी, जड, कास्ट आयर्नची सेकंडहँड मशीन बघायला मी नक्की सांगेन, वर लिहिलेली क्विलची आणि रनआउटची तीच तपासणी करून, शिवाय बेल्ट काढून स्पिंडल हाताने फिरवा, खरखर लागली तर बेअरिंग गेलंय, पण बेअरिंग बदलता येतं, भोकात झिजलेली क्विल घरी नाही दुरुस्त होत.

माझ्या मशीनला पाचपैकी साडेतीन. एक मार्क खालच्या स्पीडचा कापला आणि अर्धा क्विलच्या चालीचा. पहिला पीस ठेवून घेतला असता तर दीडच दिले असते. ज्यांना ३५ एमएमपर्यंतचेच बिट वापरायचेत आणि जागा कमी आहे त्यांनी १० इंची ५ स्पीडची बिनधास्त घ्या. कठीण लाकडात मोठी भोकं पाडायची असतील तर थोडे महिने थांबा, पैसे साठवा आणि १२ इंची, १२ स्पीडची घ्या. ८ इंची फक्त खेळणी आणि छोट्या बॉक्सेस करणाऱ्यांनी.

कोणाकडे १२ स्पीडची असेल तर एक सांगा, मधल्या पुलीचा आधार ढिला होऊन बेल्ट नाचतो अशी तक्रार दोघांकडून ऐकलीय, तुमच्याकडे तसं होतं का आणि त्यावर काय केलंत.